क्वोलची कवटी घेऊन चाकणला

गेल्या जानेवारीत मी चार दिवस पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये काढले. अमरावतीला परतल्यावर कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारलं, तिथे बघायला काय आहे? कारखाने आहेत, आणि ते बाहेरून दिसत नाहीत, असं मी सांगितलं. आत जायला काम लागतं. माझ्याकडे काम होतं. ज्यांना तिथे जाण्याचं कारण पडणार नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी काम सांगते. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली बारा वर्षं ऑस्ट्रेलियातल्या मांसाहारी पिशवीवाल्या प्राण्यांच्या कवट्या आणि दात मोजते. पिशवीवाले म्हणजे कांगारूच्या जातीचे, पिल्लाला पोटावरच्या पिशवीत वाढवणारे. त्यांतले काही शिकार करतात. आमच्या सरांनी निवृत्त होताना मला अशा चार प्राण्यांच्या कवट्यांच्या रेझिनच्या प्रतिकृती दिल्या. एक थायलासिन, आता नामशेष झालेला. एक टास्मानियन डेव्हिल, लहान कुत्र्याएवढा आणि जबड्यानं हाडं फोडणारा. एक क्वोल, मांजराएवढा, अंगावर पांढरे ठिपके असलेला. आणि एक डनार्ट, आपल्या घरातल्या उंदराएवढा. थायलासिनची कवटी कुत्र्याच्या कवटीशेजारी ठेवली की दुसऱ्या वर्षाची मुलं हमखास फसतात. दोघांचं शिकारीचं काम सारखं, म्हणून तोंडवळा सारखा. नातं काही नाही. कवटी उलटी करून टाळूला दोन मोठी भोकं दिसली की थायलासिन ओळखायचा.

कोण कोणाचा जवळचा हे आम्ही अशा खुणांवरून ठरवतो. त्यातली एक खूण म्हणजे उपदाढा. सुळ्यामागे आणि दाढांपुढे असतात त्या. थायलासिनला आणि डनार्टला प्रत्येक बाजूला तीन, डेव्हिलला आणि क्वोलला दोनच. म्हणजे तिसरी उपदाढ या दोघांच्या समाईक पूर्वजात एकदाच गेली, असं सगळे मानतात. माझ्याकडच्या क्वोलच्या वरच्या जबड्यात मात्र डाव्या बाजूला, नेमक्या तिसऱ्या उपदाढेच्या जागी, मोहरीएवढा उंचवटा होता. तो त्या दाढेचा अवशेष आहे, तेव्हा क्वोलच्या वंशात ती वेगळी आणि उशिरा गेली, असं मी लिहिलं. एका नियतकालिकानं निबंध स्वीकारला, एका अटीवर: त्या उंचवट्याचं सर्व बाजूंनी घेतलेलं त्रिमितीय चित्र सोमवारपर्यंत पाठवावं. हा निबंध प्राध्यापकपदावरच्या माझ्या बढतीच्या फाइलीत लागायचा होता. दोन वर्षांनी मी निवृत्त होते, आणि फाइल यंदाच जायची होती.

रहाटणी, गुरुवार

उतरले नणंदेकडे. पुष्पा माझी धाकटी नणंद, पंचवीस वर्षं रहाटणीत आहे. तिचे यजमान, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, एका वाहनांच्या कंपनीतून निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली काम केलेले जाधव आता चाकणला सुट्या भागांची मोजमापं करणारी प्रयोगशाळा चालवतात. तिथे निळ्या प्रकाशाचे पट्टे टाकून कुठल्याही वस्तूचा पृष्ठभाग संगणकात उतरवणारा स्कॅनर आहे. अण्णांच्या शब्दावर जाधवांनी माझं काम घेतलं होतं.

मी पोचले त्या दिवशी काम होणार नव्हतं. त्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रविवारी जे दिसतं ते तिथे गुरुवारी दिसतं: मटणाच्या दुकानापुढे रांग, गच्चीत वाळत घातलेली गोधडी, खाली गाडी धुणारे बाप. पुष्पाच्या मजल्यावर चार घरं आहेत. नांदेड, सोलापूर, चोपडा आणि हे अमरावतीचे. जेवायला बोलावताना आधी शिफ्ट विचारतात, मग दिवस ठरतो. समोरच्या घरात नवऱ्याला सेकंड शिफ्ट आणि बायकोला जनरल. पुष्पा म्हणाली, त्यांचं भांडण व्हायला गुरुवारच उजाडावा लागतो.

नाश्त्याला पोहे होते, वर खोबरं आणि कोथिंबीर. आमच्याकडे पोह्यांवर तिखट तर्री ओततात, ती कुठे आहे मी विचारलं. अण्णा म्हणाले, पंचवीस वर्षांत मी ते विचारायचं सोडलं.

कवट्यांवरून थोडी कुरबुर झाली. पुष्पानं माझी बॅग ज्या खोलीत ठेवली होती तिथेच देवघर होतं. बॅगेत काय आहे कळल्यावर तिनं हात लावला नाही. "वहिनी, रेझिनची असो नाहीतर सोन्याची. कवटी ती कवटी. इथे नको." चारही कवट्या वॉशिंग मशीनशेजारी बाल्कनीत गेल्या. रात्रभर तिथेच राहिल्या आणि त्यांना काही झालं नाही.

चाकण, शुक्रवार

सकाळी अण्णांनी मला जाधवांच्या गाडीत बसवून दिलं. मोशी सोडलं की रस्ता ट्रकांचा होतो. दुमजली ट्रेलरवर नव्या कोऱ्या गाड्या, मागे कंटेनर, मध्ये कांद्याच्या गोणी लादलेला एखादा टेम्पो. हॉटेलांच्या पाट्यांवर मराठीखाली जपानी आणि कोरियन अक्षरं आहेत. त्यांच्या शेजारी शेवग्याची झाडं आणि ज्वारीचा तुकडा, मग परत पत्र्याची शेड. चौकात आमची गाडी पाऊण तास उभी होती. जाधव म्हणाले, आज लवकर सुटलो.

प्रयोगशाळा एका मोठ्या कंपनीच्या आवारात आहे, त्यामुळे गेटवर तपासणी होते. तिथल्या रखवालदारानं बॅग उघडली, आत पाहिलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. वस्तूच्या रकान्यात त्यानं लिहिलं: कवटी, चार नग. मग विचारलं, "मॅडम, रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?" परत न्यायच्या आहेत, असं मी सांगितलं. त्यानं पावती फाडली आणि जाताना नग मोजून घेणार असल्याचं बजावलं. माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवलं. आत कोणालाच फोटो काढता येत नाही.

आमच्या कॉलेजात मोजमापाला लागतात एक व्हर्नियर आणि शिपायाकडून किल्ली. तिथे बूट काढून निळ्या चपला घातल्या, पांढरा कोट चढवला, आणि एका थंड खोलीत गेलो जिथे फरशीसुद्धा मशीनपासून वेगळी कापलेली आहे, हादरे लागू नयेत म्हणून. कामाची पद्धत नेमकी आहे. वस्तू येते, आवक तपासणी होते, सफाई होते, मग मापन. जाधवांनी विचारलं की या नगांना काही खास सूचना आहेत का. तिथली शिस्त मला आवडली होती. मी म्हटलं, "तुमच्या पार्टला जे करता तेच करा."

हे वाक्य माझं आहे. जाधवांनी ते कामाच्या कागदावर लिहूनही घेतलं.

दहाला चहा झाला, सगळ्यांचा एकाच वेळी. साडेबाराला कँटीनमध्ये डाळ, भात, मटकीची उसळ आणि एक गोड पदार्थ, जो मला ओळखता आला नाही. माझ्या टेबलावरच्या दोघी लातूरच्या होत्या. एक मोजायचं काम करत होती, दुसरी रंगाच्या विभागात. कवट्यांबद्दल आतापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. रंगवालीनं विचारलं की या जनावराचे दात बघून त्याच्या आजोबाचं नाव सांगता येतं का. नाव नाही, पण चुलता कोण ते सांगता येतं, असं मी म्हटलं. ती मैत्रिणीला म्हणाली, "बघ, आपल्या सुपरवायझरचे दात मॅडमला दाखव. कुठून आलंय ते कळंल तरी."

जेवून परत आले तेव्हा चारही कवट्यांवर स्कॅनसाठी लागणाऱ्या पांढऱ्या पावडरचा फवारा मारून झाला होता. बाकी तिघांचे स्कॅन झाले होते. क्वोल मशीनच्या तबकडीवर होता आणि पडद्यावर त्याचा जबडा उभा राहत होता. मी डावी बाजू मोठी करून दाखवायला सांगितली. दुसरी उपदाढ, मग सपाट जागा, मग पहिली दाढ. उंचवटा नव्हता.

मी कवटी हातात घेऊन बोट फिरवलं. गुळगुळीत होतं.

सफाई बबनकाकांनी केली होती. बबनकाका चऱ्होलीचे. ओतकामाच्या कारखान्यात तीस वर्षं साचे केले आणि निवृत्तीनंतर जाधवांकडे पहिल्या शिफ्टला येतात. तोंडात तंबाखू नसताना तंबाखू असल्यासारखे हळू बोलतात. जाधवांनी त्यांना बोलावून विचारलं, इथे एक बारीक गाठ होती, तिचं काय झालं.

"बर व्हता, साहेब. काढला."

साच्यातून निघालेल्या वस्तूच्या कडेला जो नको असलेला काटा किंवा कण राहतो, त्याला तिथे बर म्हणतात. कुठलाही नग मापनाला जाण्याआधी बर काढायचा, हवेच्या बंदुकीनं उडवायचा आणि पुसायचं, हा नियम आहे. बबनकाकांनी पात्यानं तो उंचवटा तासला होता आणि हवेनं उडवला होता. खोली साफ होती. तिथे काही सापडण्यासारखं नव्हतं.

जाधवांचा चेहरा पडला. ते बबनकाकांना बोलायला लागले तेव्हा मी मध्ये पडले. मीच सांगितलं होतं, तसंच झालं. मग मी बबनकाकांना विचारलं की तो बर आहे हे कशावरून ठरवलं.

"दुसऱ्या बाजूला न्हाई. मंग हिकडंच कसा आसंल?"

"जनावर साच्यातून निघत नाही, बबनकाका. एका बाजूला असू शकतं, एका बाजूला नसू शकतं."

"जनावर न्हाई निघत, मॅडम. पर हे तर साच्यातनंच निघालंय की."

त्यांनी कवटी माझ्या हातून घेतली आणि भिंगाखाली धरली. डोळ्याच्या खोबणीत एक बारीक गोळी होती. टाळूवर एक. मागे कानाच्या हाडापाशी आणखी एक. तिन्ही एकाच आकाराच्या, अगदी गोल. मापाच्या जागेवर नव्हत्या म्हणून त्यांनी त्या तशाच ठेवल्या होत्या. साच्याचं रबर ओतताना हवा अडकली की बुडबुडा राहतो, आणि त्या पोकळीत पुढे रेझिन भरतं, असं ते म्हणाले. या गोळ्या मी बारा वर्षं पाहत होते. त्यांना मी दात म्हटलं नव्हतं, कारण त्या दाताच्या जागी नव्हत्या.

"माझा उंचवटा दात असेल, आणि या तिन्ही बुडबुडे असतील," मी म्हटलं.

"आसंल बी. मी काय जनावर बघितलं न्हाई. उद्या शिफ्ट सुटली का घरी या. बुडबुडा कसा व्हतो ते दावतो."

ते गेल्यावर जाधवांनी दार लोटून घेतलं. माझ्या निबंधात त्या उंचवट्याचा फोटो आहे का, त्यांनी विचारलं. आहे, दोन बाजूंनी. मग सोपं आहे, ते म्हणाले. त्या दोन फोटोंवरून संगणकात तो उंचवटा जसाच्या तसा उभा करून या स्कॅनवर बसवता येईल. तुटलेल्या भागांचं ते नेहमीच तसं करतात. "अर्ध्या तासाचं काम आहे, मॅडम. मायक्रॉनमध्ये सुद्धा फरक दिसणार नाही. चूक आमच्याकडून झाली, आम्हीच भरून देतो."

ते मनापासून म्हणत होते. मी उद्या सांगते म्हटलं. गेटवर रखवालदारानं चार नग मोजले, पावतीवर शिक्का मारला आणि कॅमेऱ्यावरचं स्टिकर काढून घेतलं.

चऱ्होली, शनिवार

चऱ्होली आळंदीच्या वाटेवर आहे. नदीच्या पुलावरून जाताना पाण्यावर पांढरा फेस होता, साबणाच्या पाण्यासारखा. रिक्षावाल्यानं त्याकडे पाहिलंही नाही. पुढे बावीस मजल्यांच्या इमारती आहेत, त्यांना इंग्रजी नावं आहेत, आणि दोन इमारतींच्या मध्ये एखादा गोठा. बबनकाकांचं घर असंच मध्ये आलेलं आहे. मागची जमीन चुलत्यांनी बिल्डरला दिली, आमी दिली न्हाई, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. त्या जागी आता जिमची काचेची भिंत आहे, आणि संध्याकाळी त्यांच्या म्हशीसमोर माणसं जागच्या जागी पळत असतात.

घराच्या पडवीत गौरीचे मुखवटे होते. शंभरेक असतील, सगळे बिनरंगाचे, पांढरे. हंगाम भाद्रपदात असतो, पण साचे हिवाळ्यात करून घेतात. मूळ मुखवट्यावर रबर ओतायचं, ते घट्ट झालं की सोलून काढायचं, आणि त्यात प्लास्टर भरायचं. बबनकाका ओततात आणि त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणतात, रंगवतात.

आदल्या रात्री केलेल्या साच्यातला एक मुखवटा बबनकाकांनी माझ्यासमोर काढला. नाक, डोळे, ओठ स्वच्छ उतरले होते. डाव्या गालावर एक गोळी होती आणि हनुवटीखाली दोन. मोहरीएवढ्या, गोल. काकूंनी मुखवटा घेतला, चाकूच्या टोकानं गोळ्या उडवल्या आणि बोटानं जागा पुसली. दोन सेकंदांचं काम. "गालावर चामखीळ घिऊन आलेली गौर कोण न्हील?" त्या म्हणाल्या. "ह्यांना किती येळा सांगितलं, रबर सावकाश वता. ऐकत्यात व्हय."

मी पिशवीतून भिंग आणि क्वोलच्या जबड्याच्या फोटोची प्रत काढली. फोटो मीच घेतला होता, चांगला आहे. तो उंचवटा मी शेकडो वेळा पाहिला होता. त्या दिवशी तिसऱ्या उपदाढेचं टोक शोधत पाहिलं नाही, गोळी शोधत पाहिलं. झिजलेल्या दाताला एक बाजू सपाट येते. मुळाभोवती हाडाची कड असते. इथे दोन्ही नव्हतं. कडेचा उजेड चारी बाजूंनी सारखा वळत होता, काकूंनी उडवलेल्या गोळ्यांसारखा. मूळ कवटी मिळाली असती तर प्रश्न एका पत्रात सुटला असता, पण सरांनी ती कुठल्या संग्रहालयातून घेतली याची नोंद नाही आणि सर आता नाहीत. प्रतिकृतीवरून नवा दावा करू नये हे मी दर वर्षी वर्गात सांगते.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मासवडी होती. नावात मासा आहे आणि कापून ताटात मांडली की माशाच्या तुकडीसारखी दिसते, पण वरून बेसन आणि आत तीळ, खोबरं, लसूण. रस्सा आमच्याकडच्याइतका तिखट होता, जे मला त्या चार दिवसांत पहिल्यांदाच मिळालं. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा काकूंनी नवऱ्याकडे बघून मान हलवली. अमरावतीच्या बाईला हे जेवण झेपेल की नाही, यावर बहुतेक त्यांचं आधी बोलणं झालं होतं.

निघताना बबनकाकांनी विचारलं, "मंग आता तुमच्या कागदात काय लिवणार?"

"अजून ठरवलं नाही."

"साहेब म्हनत व्हते, लावून देतो म्हनून."

"म्हणत होते."

"लावला तर बसंल चांगला. साहेबांचं काम बारीक हाय," ते म्हणाले. मग म्हशीला चारा टाकायला गेले.

रहाटणी, रविवार

सकाळी पुष्पाच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. माझ्या तक्त्यात प्रत्येक प्राण्यासाठी कवटीची आणि दातांची नव्वद लक्षणं आहेत. क्वोलच्या ओळीत तिसऱ्या उपदाढेच्या रकान्यात 'अवशेष आहे' अशा अर्थाचा एक आकडा होता. तो बदलून 'नाही' केला आणि नातेवृक्ष पुन्हा काढला. संगणकाला चहा गाळण्याएवढा वेळ लागला.

झाडाला काही झालं नाही. क्वोल आणि डेव्हिल शेजारी शेजारी राहिले, डनार्ट थोडा लांब, थायलासिन सगळ्यांच्या बाहेर. तिसरी उपदाढ एकदाच गेली. हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. माझ्या निबंधातलं जे नवीन होतं तेवढंच गेलं.

अण्णा समोर बसून पेपर वाचत होते. त्यांना जाधवांकडून सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "जाधवनं करून दिलं असतं, वहिनी."

"दिलं असतं," मी म्हटलं.

"कोणाला कळणार होतं?"

"कोणाला नाही. तो तुकडासुद्धा आता कुठे नाही."

पुष्पानं मध्येच विचारलं की मग अडचण काय आहे. मी सांगितलं की दुसऱ्या कोणीतरी उद्या क्वोलच्या जबड्यात ती दाढ शोधत बसेल, माझं चित्र समोर ठेवून, आणि ती सापडणार नाही. तो आपलंच चुकतंय असं समजेल. पुष्पा म्हणाली, म्हणजे तुम्ही त्या कोणा ऑस्ट्रेलियातल्या माणसाचा वेळ वाचवण्यासाठी प्रोफेसर होणार नाही. मी हो म्हटलं. तिनं पोह्यांची कढई आपटली नाही, पण ठेवली जोरात.

संपादकांना चार ओळी लिहिल्या. उंचवटा साच्यातल्या हवेच्या बुडबुड्यामुळे आलेला आहे, हे ओतकामाच्या एका अनुभवी कारागिरानं लक्षात आणून दिलं. निबंध मागे घेते आहे. तसदीबद्दल क्षमस्व. जाधवांना फोन करून उरलेल्या तीन कवट्यांचे स्कॅन तेवढे पाठवायला सांगितले. त्यांनी बबनकाकांना मेमो द्यायचा का विचारलं. मी नको म्हटलं, आणि कामाच्या कागदावर माझं वाक्य आहे याची आठवण करून दिली.

अमरावती

संपादकांचं उत्तर आठवड्यानं आलं, आभाराचं आणि छोटं. प्राध्यापकपदाची फाइल कार्यालयानं परत केली. एक निबंध कमी आहे, पूर्ण झाल्यावर पुढील फेरीत सादर करावी, असा शेरा आहे. पुढील फेरी मी निवृत्त झाल्यावर येईल. सहकाऱ्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि मग चाकणला बघायला काय आहे ते विचारलं.

फेब्रुवारीत मी आमच्या संग्रहालयातल्या सगळ्या प्रतिकृती कपाटांतून खाली काढल्या. वाघ, अस्वल, माकड, मगर, मिळून एकसष्ट. प्रत्येक भिंगाखाली पाहायला दोन आठवडे लागले. एकोणीस प्रतिकृतींवर गोळ्या सापडल्या. त्यांतल्या एका माकडाच्या जबड्यातली गोळी मी गेली वीस वर्षं परीक्षेत सुळ्याशेजारचा जादा दात म्हणून विचारत आले आहे. प्रत्येक गोळीशेजारी लाल रंगाचा ठिपका दिला आणि चिठ्ठीवर लिहिलं: बुडबुडा असावा. पातं हाताशी होतं. काढली मात्र एकही नाही.